पडद्यावरचं बोलणं आणि प्रेक्षकाचा कौल

वर्तमानपत्रातलं कोणतंही चित्रपट परीक्षण घ्या. कथेला दोन परिच्छेद मिळतात, दिग्दर्शनाला एक, अभिनयाला एक. मग शेवटाकडे छायाचित्रण, संकलन आणि संगीत यांच्या रांगेत संवादांच्या वाट्याला एखादं विशेषण येतं: खुसखुशीत, चुरचुरीत, खटकेबाज. तेवढ्यावर संवादलेखकाची बोळवण होते. खेळ सुटल्यावर जिना उतरणाऱ्या लोकांचं बोलणं मात्र निराळं असतं. तिथे ‘तो तिला काय म्हणाला’ हेच आधी निघतं. एखादं वाक्य कुणीतरी तशाच आवाजात म्हणून दाखवतं, आणि एखाद्याला सगळा चित्रपट आवडूनही ‘पण ती बाई तशी बोलेल का?’ ही शंका सोडत नाही. चित्रपटाबद्दलचं आपलं मत बऱ्याच अंशी कान ठरवतात आणि मराठी समीक्षेने या कानांकडे फार कमी लक्ष दिलं आहे, असं मला ठामपणे वाटतं.

संवाद म्हटलं की टाळीचं वाक्य डोळ्यांसमोर येतं. माझ्या मते संवादाची खरी ताकद तिथे नाही. पडद्यावरच्या माणसावर विश्वास ठेवायचा की नाही, हे प्रेक्षक त्या माणसाच्या पहिल्या चार-पाच वाक्यांत ठरवून टाकतो. पुढचा सगळा चित्रपट त्या निर्णयावर उभा राहतो किंवा कोसळतो. टाळी हा त्यानंतरचा भाग.

बोलपट आला तेव्हा जाणत्या दिग्दर्शकांना आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली होती. १९२८ साली आयझेन्स्टाइन, पुदोव्हकिन आणि अलेक्झांड्रोव या सोव्हिएत दिग्दर्शकांनी एक निवेदन काढलं. माणसाच्या तोंडाला त्याचा आवाज नुसता जोडून दिला, तर चित्रपट म्हणजे नाटकाचं छायाचित्रण होऊन बसेल, हा त्याचा रोख होता. चॅप्लिनने तर बोलपट स्थिरावल्यावरही ‘सिटी लाइट्स’ (१९३१) आणि ‘मॉडर्न टाइम्स’ (१९३६) काढले आणि आपल्या भटक्याला संवाद दिले नाहीत. ‘द ग्रेट डिक्टेटर’च्या (१९४०) शेवटी तो कॅमेऱ्याकडे पाहून थेट भाषण करतो. त्या भाषणावरून तट पडले. काहींच्या लेखी चित्रपटाचा आत्मा तिथे आहे, काहींच्या लेखी चित्रपट तिथे मोडतो. बाकीचे दोन तास तेच असूनही, शेवटच्या काही मिनिटांच्या बोलण्यावरून सगळ्याचं मोल ठरवलं जातं.

मराठी बोलपट तर नाटकाच्या घरातच जन्मला. ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ सालचा. त्यातले हरिश्चंद्र म्हणजे संगीत रंगभूमीवरचे गोविंदराव टेंबे. प्रेक्षकही त्याच रंगभूमीने घडवलेला होता. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आवाज, पल्लेदार वाक्य आणि वाक्याच्या टोकाला ठेवलेली टाळीची जागा त्याच्या ओळखीची होती. पाचच वर्षांनी व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’ (१९३७) केला. नारायण हरी आपटे यांच्या कादंबरीवरच्या या चित्रपटात त्यांनी पार्श्वसंगीत ठेवलं नाही, जे आवाज त्या घरात आणि रस्त्यावर असू शकतात तेवढेच वापरले. त्यामुळे शांता आपटेंची नीरा आणि केशवराव दातेंचे काकासाहेब यांच्या बोलण्याला आधार देणारं खाली काहीच उरलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाचे टोले आणि माणसांचे शब्द एकाच पातळीवर येतात. म्हाताऱ्या नवऱ्याशी लावलेलं लग्न मानायला नकार देणारी नीरा आजही पटते, याचं मोठं श्रेय मी या निर्णयाला देतो. व्हायोलिनं साथीला असती तर तिचा नकार करुण झाला असता. इथे तो फक्त नकार राहतो.

नाटकाचा तो वारसा अजून संपलेला नाही, आणि तो सगळा टाकून देण्याजोगाही नाही. भालजी पेंढारकरांच्या इतिहासपटांपासून ‘पावनखिंड’पर्यंत (२०२२) चित्रपटगृहात घोषणा उठतात त्या पल्लेदार वाक्यांवरच. तिथे प्रेक्षक वास्तवाची अपेक्षा घेऊन आलेलाच नसतो, त्याला सामील व्हायचं असतं. ‘नटसम्राट’ (२०१६) पाहायला गेलेल्या पुष्कळांना गणपतराव बेलवलकरांची स्वगतं आधीच पाठ होती. १९७० पासून ती डॉ. श्रीराम लागूंच्या आणि त्यांच्यानंतरच्या नटांच्या आवाजात लोकांच्या कानांत होती. नाना पाटेकरांबद्दलचं मत त्या जुन्या आवाजांशी तुलना करूनच बनलं. पडद्यावर क्लोजअप असतो, नटाला शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचं नसतं, हा फरक फार थोड्यांनी हिशेबात घेतला.

विश्वासाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो कोण कुठली मराठी बोलतो इथे. कितीतरी वर्षं आपल्या पडद्यावर एक अलिखित वाटणी होती. नायक-नायिका पुस्तकी मराठी बोलणार, गडी, हवालदार आणि विनोदी पात्रं ‘गावरान’ बोलणार. ती गावरान बोली कुठल्याच गावची नसे. सातारा, नगर आणि वऱ्हाड यांच्यातलं अंतर पुसून तयार केलेली ती एक चित्रपटी ग्रामीण भाषा होती. शहरातल्या प्रेक्षकाला ती खपायची. गावातल्या प्रेक्षकाला ती आपली नाही हे कळायचं, पण तोही हसायचा, कारण दुसरं काही मिळतच नव्हतं. या वाटणीने मतं घडवली आहेत. बोली आली की हसायचं, हे आपल्याला चित्रपटांनी शिकवलं.

ते मोडायला २००४ नंतरच्या चित्रपटांनी सुरुवात केली. ‘टिंग्या’मधला (२००८) मुलगा आपल्या चितंग्या बैलासाठी बापाशी वाद घालतो तो जुन्नरकडच्या बोलीत. त्याच्या वादात एक कठीण प्रश्न दडलेला आहे: म्हातारी आजारी पडली तर तिच्यावर उपचार करता, मग बैलालाच कसायाकडे का? हाच प्रश्न शुद्ध पुस्तकी मराठीत विचारला असता, तर तो लेखकाने मुलाच्या तोंडी घातलेला वाटला असता. ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये (२००९) विदर्भातली बायको नवऱ्याच्या मनात आत्महत्येचं येईल या भीतीने त्याच्यावर मुलाला पाळतीवर ठेवते, त्याच्यासाठी गोडधोड करते, पण मनातली भीती त्याच्याजवळ बोलत नाही. संवाद चालतात ते जेवणाचे, पिकाचे, पावसाचे. प्रेक्षकाला मात्र प्रत्येक वाक्याखालची भीती ऐकू येते. लेखकाने प्रेक्षकावर टाकलेला हा विश्वास आहे आणि प्रेक्षक तो परत करतो.

‘श्वास’ (२००४) याच जातीचा. तिथे सगळा ताण एक वाक्य कोण उच्चारणार याचा आहे. शस्त्रक्रियेनंतर दृष्टी जाणार, हे त्या लहान मुलाला सांगायलाच हवं, असं डॉक्टर म्हणतो, आणि आजोबांची जीभ उचलत नाही. चित्रपट लोकांच्या मनाला भिडला तो या न निघणाऱ्या शब्दामुळे. त्याच्या पन्नास वर्षं आधीच्या ‘श्यामची आई’नंतर मराठीला मिळालेलं ते पहिलं सुवर्णकमळ होतं.

नागराज मंजुळे यांच्याकडे आलं की हा विषय आणखी खोल जातो. ‘फँड्री’मध्ये नायक जब्याचं कुटुंब घरात कैकाडी बोलतं आणि गावात मराठी. किशोर कदमांचा कचरू गावातल्या बड्यांपुढे आवाज खाली घेतो, तोच घरी मुलावर चढा होतो. जातीबद्दल एकही भाषण न देता ही उतरंड प्रेक्षकाच्या कानात शिरते. ‘सैराट’मधली (२०१६) आर्ची तर बोलण्यातूनच उभी राहते. ती हुकूम सोडते, दटावते, मराठीत कळत नसेल तर इंग्रजीत सांगू का म्हणून विचारते. करमाळ्याकडच्या त्या ठसकेबाज बोलीत तिच्या घराची पाटीलकी, लाड आणि निर्भयता एकवटलेली आहे. प्रेक्षक तिच्यावर भाळतो तो तिच्या बोलण्यावर. मग ती पळून हैदराबादला जाते. भोवती सगळं तेलुगू. तिला कुणाचं कळत नाही, तिचं कुणाला कळत नाही, आणि जिच्या शब्दाने गाव हलायचं ती मुलगी पत्र्याच्या खोलीत मुकी होते. चित्रपटाचा उत्तरार्ध संथ झाला, अशी तक्रार तेव्हा पुष्कळांनी केली. मला वाटतं, त्यांना कमी जाणवत होतं ते आर्चीचं बोलणं. तिचा आवाज हरवल्याची अस्वस्थता त्यांनी चित्रपटाच्या गतीच्या नावावर टाकली. शेवटी तर ध्वनीच काढून घेतला आहे आणि रक्ताळलेल्या पावलांनी चालणारं मूल नि:शब्द दिसतं. तो धक्का बसतो, कारण त्याआधी दोन तास आपल्याला बोलण्याची सवय लावलेली असते.

याच कथेचा हिंदी अवतार ‘धडक’ (२०१८) उदयपूरला गेला. घटना बऱ्याचशा त्याच, मुलीचं घर सत्तेचं, पळून जाणंही तसंच. पण तिथली भाषा कुणाच्या घरातून आलेली वाटत नाही. राजस्थानी सूर हिंदीवर वरून शिंपडलेला आहे. जातीचा प्रश्न पुसट झाला, अशी टीका झाली ती योग्यच होती. मात्र तो पुसट होण्याची सुरुवात संवादांतच झाली होती. बोलण्यात उतरंड नसेल, तर कथेत ती आहे हे प्रेक्षकाला सांगत बसावं लागतं.

आता लक्षात राहणाऱ्या वाक्यांकडे. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली सुमारे हजार इंग्रजी चित्रपटांच्या संहिता तपासल्या. गाजलेलं वाक्य आणि त्याच प्रसंगातलं त्याच पात्राचं तेवढ्याच लांबीचं, पण न गाजलेलं वाक्य, अशा जोड्या लावून त्यांनी फरक शोधला. चित्रपट न पाहिलेल्या मोजक्या लोकांसमोर या जोड्या ठेवल्या, तेव्हा गाजलेलं वाक्य कोणतं हे बहुतेक वेळा त्यांनी बरोबर ओळखलं. गाजणाऱ्या वाक्यात शब्द थोडे अनपेक्षित असतात, पण वाक्याची ठेवण साधी असते. शिवाय ते आपल्या प्रसंगाला फार घट्ट बांधलेलं नसतं, उचलून दुसरीकडे नेता येतं, असं त्यांना आढळलं.

हे निष्कर्ष मराठीला लावून पाहिले की गंमत दिसते. मराठी चित्रपटांतली सर्वांत टिकलेली दोन वाक्यं घेतली, तर एक ‘सामना’मधलं (१९७४) ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ आणि दुसरं ‘अशी ही बनवाबनवी’मधलं (१९८८) ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ दोन्हींत विशेषनाम आहे, म्हणजे प्रसंगाशी पक्की गाठ. दोन्ही प्रश्न आहेत आणि दोन्हींत समोर नसलेल्या माणसाची चौकशी आहे. ठेवण मात्र अगदी साधी, कुणीही कुणाला विचारावी अशी. कदाचित यामुळेच ती उचलता आली. बेपत्ता सत्याबद्दल विचारायचं असलं की मराठी पत्रकार आणि वक्ते आजही मारुती कांबळेचं नाव घेतात, आणि कुठल्याही दारावर थाप मारताना धनंजय माने आठवतात.

‘सामना’त विजय तेंडुलकरांनी हा प्रश्न फिरवत ठेवला. डॉ. लागूंचा दारूत बुडालेला मास्तर तो विचारत राहतो आणि निळू फुल्यांच्या हिंदूराव धोंडे पाटलाचा वाडा त्याने हादरत जातो. पुनरुक्ती हे इथे रचनेचं हत्यार आहे. त्या प्रश्नाची कीर्ती इतकी मोठी झाली, की चित्रपटातलं बाकीचं बारीक काम तिच्या सावलीत गेलं. हिंदूराव आणि मास्तर यांच्यातलं विचित्र, जवळजवळ जिव्हाळ्याचं नातं, पाटलाचं मऊ बोलून माणसाला वेढून घेणं, निळू फुल्यांनी शब्द चघळत केलेली ती संवादफेक, यांविषयी आज कमी बोललं जातं. गाजलेलं वाक्य चित्रपटाला आयुष्य देतं आणि त्याचवेळी त्याला लहानही करतं.

‘बनवाबनवी’चं उलट झालं. तिचे संवाद वसंत सबनीसांचे, म्हणजे ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणाऱ्या लेखकाचे. दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’चं (१९७१) लेखनही त्यांचंच. लोकनाट्यातली हजरजबाबी सवाल-जवाबाची चाल त्यांनी शहरातल्या भाड्याच्या खोलीत आणली. चित्रपट तेव्हाही चालला, पण आज त्याला जे स्थान आहे ते पुढे टीव्हीवरच्या पुन्हापुन्हा झालेल्या खेळांनी आणि आता मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांनी दिलेलं आहे. हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वर (१९६६) तो बेतला होता. मूळ चित्रपट आज फारसा कुणाला आठवत नाही. कथा तीच असताना एक विस्मरणात जातो आणि दुसरा पिढ्यांच्या तोंडी राहतो, यात अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या बरोबरीने सबनीसांच्या लेखणीचा वाटा आहे.

दादा कोंडक्यांच्या पुढच्या चित्रपटांत दुहेरी अर्थाने प्रेक्षकांचे सरळ दोन भाग केले. एका भागाला तो चावटपणा वाटला, दुसऱ्याला आपल्या जत्रेतल्या, तमाशातल्या बोलण्याला अखेर मोठा पडदा मिळाल्यासारखं वाटलं. त्या मतभेदाचं मूळ नीतीपेक्षा वर्गात आहे, हे माझं स्पष्ट मत आहे.

वाक्य चित्रपटापासून सुटं होऊन विकलंही जाऊ शकतं, हे ‘शोले’ने (१९७५) दाखवलं. पॉलिडॉर कंपनीने सलीम-जावेद यांच्या संवादांच्या तबकड्या काढल्या आणि त्या धडाक्याने खपल्या. गब्बरची वाक्यं पाठ करून लोक पुन्हा तिकीटबारीवर आले. पुढे काय होणार हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला आता ते वाक्य वेळेवर येतं का, एवढंच पाहायचं होतं. अशा पाहण्यात नापसंतीला फारशी जागाच उरत नाही.

शब्दांइतकाच आवाज मत बनवतो. फ्रेंच अभ्यासक मिशेल शियों यांनी दाखवून दिलं आहे, की चित्रपटातल्या सगळ्या ध्वनींत आपला कान आधी माणसाच्या आवाजाकडे वळतो. हिंदीत ‘बाहुबली’ पाहणाऱ्यांनी प्रभासचा म्हणून जो भारदस्तपणा मनात धरला, तो शरद केळकरांचा होता. ‘पुष्पा’च्या (२०२१) हिंदी आवृत्तीतला अल्लू अर्जुनचा उर्मट सूर श्रेयस तळपदेंनी घडवला. चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा, आणि पसंतीची पावती मात्र चेहऱ्याला.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’मध्ये (२०२०) तर जिचा चेहरा आपल्याला पाहायलाच मिळत नाही अशी एक व्यक्ती सगळा चित्रपट पेलते. शास्त्रीय गायक होऊ पाहणारा नायक शरद रात्रीच्या रिकाम्या मुंबईत संथपणे मोटारसायकल चालवतो आणि कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माई यांच्या जुन्या व्याख्यानांच्या ध्वनिफिती वाजतात. साधना, त्याग, एकटेपण यांविषयीचा तो कठोर, थंड, खात्रीचा सूर दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. शरदबद्दल आपल्याला कीव वाटते की आदर, हे माईंच्या बोलण्यावर आपण किती विश्वास ठेवतो यावर ठरतं. व्हेनिसला या चित्रपटाच्या पटकथेला पुरस्कार मिळाला.

ताम्हाणे यांचाच ‘कोर्ट’ (२०१४) मला या सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा चित्रपट वाटतो, कारण त्यात टाळीच्या वाक्याला जागाच ठेवलेली नाही. हिंदी चित्रपटांतलं न्यायालय हे संवादफेकीचं माहेरघर. इथे गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील जुन्या कायद्याची कलमं सलग, एका सुरात वाचत जाते. न्यायाधीश कारकुनाला मजकूर सांगत जातो. बाही नसलेला पोशाख घातला म्हणून एका बाईचं प्रकरण पुढे ढकललं जातं. कंटाळा येतो, आणि तो यावा अशीच योजना आहे. त्या कंटाळ्यात एका लोकशाहिराचं आयुष्य झिजतंय, हे प्रेक्षकाच्या अंगात उतरतं. मग ज्याच्या मृत्यूबद्दल शाहिरावर खटला आहे, त्या गटारात मेलेल्या कामगाराची विधवा साक्षीला येते. तुटक उत्तरं देते. आत जाण्याआधी तो खडा टाकायचा आणि झुरळं बाहेर आली तर हवा आहे असं समजायचा, हे ती कुठलाही भार न देता सांगते. खटल्याचा निकाल प्रेक्षकापुरता त्या क्षणी लागतो. हेच वाक्य वरच्या पट्टीत, पार्श्वसंगीतासह आलं असतं तर आपण हळहळून मोकळे झालो असतो.

एवढं सगळं ज्याच्या हातात आहे, तो संवादलेखक ओळखीचा मात्र होत नाही. आपल्याकडे पटकथा एकाची, संवाद दुसऱ्याचे ही जुनी रीत आहे. ‘अर्धसत्य’ची (१९८३) पटकथा तेंडुलकरांची म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. संवाद वसंत देव यांचे, हे चित्रपटावर प्रेम करणाऱ्यांतही थोड्यांनाच आठवेल. राष्ट्रीय पुरस्कारांत संवादांचा वेगळा विचार २००९ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाला, आणि लवकरच तो मान दोन मराठी चित्रपटांकडे आला: ‘देऊळ’साठी (२०११) गिरीश कुलकर्णींना आणि ‘अस्तु’साठी (२०१३) सुमित्रा भावेंना. ‘अस्तु’त संस्कृतचा एक पंडित स्मृती गमावत जातो आणि त्याला आसरा देणारी माहुताची बायको कानडी बोलते. दोघांमध्ये समान भाषा नाही, तरी त्यांचं जुळतं. अशा चित्रपटाला संवादांचा पुरस्कार देणाऱ्या परीक्षकांनी संवाद म्हणजे काय हे नीट ओळखलं होतं.

यापुढचा प्रश्न उपशीर्षकांचा आहे आणि तो दिवसेंदिवस मोठा होत जाणार. कैकाडी, पाटलाची मराठी आणि मास्तरची मराठी, सगळं पडद्याच्या तळाशी एकाच ठशाच्या इंग्रजीत येतं. कोण कुणापुढे आवाज खाली घेतो हे सूर ऐकून कळेल, पण कुणाची मराठी कुठली, हे कळायला मार्ग नाही. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळाच्या खेळाला आई-वडील ऐकतात आणि शेजारची मुलं वाचतात. मुलं आधी हसतात, कारण ओळ वाचून होते तेव्हा नटाचं वाक्य अर्ध्यावर असतं. आई-वडील हसतात ते वाक्याच्या शेवटी. काही ठिकाणी तर फक्त आई-वडीलच हसतात. घरी जाताना गाडीत चित्रपटावर वाद होतो तेव्हा दोन्ही बाजू खऱ्या असतात, कारण त्यांनी पाहिलेला चित्रपट एकच असला तरी ऐकलेला एक नव्हता. आपल्या उपशीर्षककारांना पुरेसा वेळ, मोबदला आणि श्रेयनामावलीत ठळक जागा मिळायला हवी, ती याच कारणासाठी.